क्लिकव्ह्यू नसताना क्यूव्हीडी फाइल बाहेरून कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लिकव्ह्यू या रिपोर्ट बनवण्याच्या टूलने अनेक वर्षांत तयार केलेल्या हजारो क्यूव्हीडी फाइली (त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली डेटा टेबलं) सर्व्हरवर पडून आहेत, लायसन्स लवकरच संपतंय आणि ते पुढे चालू ठेवायचं नाही असं ठरलंय. या फाइली पायथनमधून थेट वाचता येतील का, की आधी सगळ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) करून ठेवाव्या लागतील? आणि थेट वाचल्या तर आलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल का?

वाचता येतात. क्यूव्हीडीची रचना बाहेरून समजायला अवघड नाही, आणि अशा बंदिस्त फाइलींमध्ये ती बरीच सरळ म्हणावी लागेल. पण तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अशा कामात फाइल उघडलीच नाही तर फारसं नुकसान होत नाही, कारण ते लगेच कळतं. नुकसान होतं ते फाइल उघडते, रो मोजून बरोबर येतात, एकही एरर नसते आणि आकडे चुकीचे असतात तेव्हा. म्हणून खाली वाचण्याच्या कृतीइतकीच जागा चुकीचं वाचण्यालाही दिली आहे.

आधी एक कंटाळवाणा सल्ला. लायसन्स अजून चालू असेल तर उरलेल्या दिवसांत क्लिकव्ह्यूकडूनच काम करून घ्या. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर फिरणारी एक लूप, आत लोड (वाचणं), मग स्टोअर (लिहिणं), मग ड्रॉप टेबल (मेमरीतून काढणं), एवढीच स्क्रिप्ट लागते. क्लिकव्ह्यूतून सीएसव्ही निघते. क्लिक सेन्स या त्याच कंपनीच्या पुढच्या टूलची नवी आवृत्ती हाताशी असेल तर स्टोअरने थेट पार्के (कॉलमनिहाय डेटा ठेवणारा खुला फॉरमॅट) फाइल लिहिता येते आणि सीएसव्हीच्या कटकटी वाचतात. सीएसव्हीत फसगत अशी होते की क्लिकव्ह्यू किंमत (म्हणजे कॉलममधली व्हॅल्यू) लिहिताना तिचं दिसणारं रूप लिहितो. रकमेत हजारांचे स्वल्पविराम येतात, आणि तारीख ज्याने त्या वेळी जसा फॉरमॅट दिला असेल तशी येते. लोड करतानाच तारखा आणि रकमा नम फंक्शनमधून काढून साध्या आकड्यांत आणा, म्हणजे पुढचा त्रास निम्मा होईल.

मग बाहेरून वाचायचं कधी? लायसन्स संपल्यावर, किंवा फाइली इतक्या असतील की रीलोडच्या (क्लिकव्ह्यूत पुन्हा लोड करण्याच्या) रांगेत महिने जातील तेव्हा. तिसरं कारण बऱ्याच जणांना सुचत नाही: पुष्कळदा तुम्हाला डेटा नकोच असतो. कोणत्या फाइलीत कोणते कॉलम आहेत, रो किती, ती कधी तयार झाली, कोणत्या ॲपने तयार केली, एवढंच हवं असतं. हे सगळं फाइलीच्या सुरुवातीला उघड्या अक्षरांत लिहिलेलं असतं. हजारो फाइलींची यादी पन्नास ओळींच्या प्रोग्राममध्ये तयार होते. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी एवढंच केलं असतं. माझ्या अनुभवात अशी यादी समोर आली की निम्म्याहून जास्त फाइली एकमेकींच्या जुन्या प्रती निघतात.

आता रचना. क्यूव्हीडीचे तीन भाग असतात: एक्सएमएल हेडर, प्रत्येक कॉलमचं सिम्बॉल टेबल, आणि शेवटी रोंचं टेबल. हेडर यूटीएफ-८ मध्ये असतं आणि ते संपल्यावर शून्य बाइट येतो. अख्खी फाइल एक्सएमएल पार्सरच्या हाती दिलीत तर तो हेडरनंतरच्या बायनरी भागावर आपटतो, म्हणून शून्य बाइटपर्यंतचा तुकडा कापून तेवढाच पार्स करायचा. हेडरमधले पुढचे सगळे ऑफसेट (कोणता भाग कितव्या बाइटवर सुरू होतो ते आकडे) या शून्य बाइटनंतरच्या जागेपासून मोजलेले असतात. हे ध्यानात न ठेवल्यामुळे अडकलेले पुष्कळ लोक पाहिले आहेत.

क्यूव्हीडी लहान का असते आणि इतकी झटपट का लोड होते, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कॉलममधली प्रत्येक वेगळी किंमत सिम्बॉल टेबलमध्ये फक्त एकदा लिहिली जाते. रोमध्ये किंमत नसतेच, त्या किंमतीचा क्रमांक असतो, आणि तोही लागतील तेवढ्याच बिटमध्ये ठासून भरलेला. कॉलममध्ये पाचच विभाग असतील तर कोटी रो असल्या तरी विभागाची नावं पाचदाच लिहिलेली असतात.

सिम्बॉल टेबलमधल्या प्रत्येक किंमतीआधी एक प्रकार-बाइट असतो. १ म्हणजे चार बाइटचा पूर्णांक, २ म्हणजे आठ बाइटचा दशांश, ४ म्हणजे शून्य बाइटने संपणारा मजकूर. ५ म्हणजे पूर्णांक आणि त्यामागे मजकूर, ६ म्हणजे दशांश आणि त्यामागे मजकूर. हे आकडे पाठ करायची गरज नाही: १, २ आणि ४ या तीन खुणा आहेत, ५ आणि ६ या त्यांच्या बेरजा. ३ दिसला तर समजा की तुमचा प्रोग्राम रुळावरून घसरला आहे.

एक किंमत जवळून पाहू. १ जानेवारी २०२४ ही तारीख अशी दिसेल: ५, २३६, १७६, ०, ०, त्यानंतर तारखेच्या मजकुराचे दहा बाइट, शेवटी ०. एकूण सोळा बाइट. पहिला ५ हा प्रकार. पुढचे चार बाइट उलट्या क्रमाने, म्हणजे लहान वजनाचा बाइट आधी, असे वाचायचे: १७६ गुणिले २५६ अधिक २३६, बरोबर ४५२९२. या चार बाइटमध्येच दोन शून्यं आहेत हे पाहिलंत ना? सिम्बॉल टेबल शून्य बाइटवर तोडून घेण्याची युक्ती जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला सुचते. फक्त मजकूर असलेल्या कॉलमवर ती मस्त चालते आणि पहिल्याच आकड्याच्या कॉलमवर माती खाते. प्रकार पाहून तेवढेच बाइट पुढे सरका, दुसरा मार्ग नाही.

आता रो. हेडरमध्ये प्रत्येक कॉलमसाठी बिटऑफसेट (कितव्या बिटपासून), बिटविड्थ (किती बिट) आणि बायस (आलेल्या क्रमांकात मिळवायचा आकडा) असे तीन आकडे असतात, आणि संपूर्ण टेबलसाठी रेकॉर्डबाइटसाइज, म्हणजे एका रोचे बाइट किती, हा आकडा असतो. समजा रेकॉर्डबाइटसाइज २ आहे आणि कॉलम तीन: तारीख बिट ० पासून ९ बिट रुंद, विभाग बिट ९ पासून ३ बिट, सूट बिट १२ पासून ४ बिट. सूटचा बायस उणे २ आहे, बाकी दोघांचा ०. फाइलीतून एका रोचे दोन बाइट उचलले: ४४ आणि ९. इथेही लहान वजनाचा बाइट आधी, म्हणून रोचा आकडा झाला ९ गुणिले २५६ अधिक ४४, म्हणजे २३४८. खालचे नऊ बिट म्हणजे २३४८ ला ५१२ ने भागून उरलेली बाकी: ३००. तारखेच्या सिम्बॉल टेबलमधली ३०० क्रमांकाची किंमत, मोजणी शून्यापासून. भागाकार आला ४. त्याचे खालचे तीन बिट ४, म्हणजे पाचवा विभाग. सूटसाठी उरलं ०, त्यात बायस मिळवला की उणे २. उणे क्रमांक आला की त्या रोमध्ये किंमत नाही, ती नल आहे.

बाइटचा क्रम उलटा धरलात तर याच रोचा आकडा ११२७३ होतो, तारीख ९ आणि विभाग ६ येतो. विभाग पाचच असल्यामुळे प्रोग्राम ओरडतो आणि चूक सापडते. ही चांगली चूक.

वाईट चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा हा वाचक पायथनमध्ये लिहिला तेव्हा बायस बरोबर मिळवला, पण उणे क्रमांक वेगळा तपासला नाही. पायथनमध्ये यादीचा उणे २ क्रमांक म्हणजे शेवटून दुसरी किंमत, आणि भाषा ती निमूटपणे काढून देते. माझ्या सूटच्या कॉलममध्ये शेवटून दुसरी किंमत होती १५ टक्के. ज्या ज्या बिलावर सूट नव्हती, त्या प्रत्येक बिलावर १५ टक्के सूट लागली. रोंची संख्या जुळली, विभागवार विक्रीच्या बेरजा जुळल्या, एररचं नाव नाही. चार दिवसांनी ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांच्यातल्या एकीने सहज विचारलं, "सूट न दिलेलं एकही बिल कसं नाही?" जावामध्ये लिहिलं असतं तर पहिल्याच नलला प्रोग्राम कोसळला असता. तेव्हापासून मी प्रत्येक कॉलमची नल-संख्या मूळ टूलमधून वेगळी मागून घेतो आणि बेरीज-वजाबाकीआधी तीच ताडून पाहतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. बिटविड्थ स्वतः मोजू नका, हेडर सांगेल तीच घ्या. आणि ती ० असू शकते, म्हणजे सगळ्या रोंमध्ये एकच किंमत आहे, वाचायला बिटच नाहीत. दुसरं, हेडरमधला कॉलमांचा क्रम आणि रोमधला बिटांचा क्रम एकच असेल असं धरून चालू नका. बिटऑफसेट ज्याचा त्याचा पाहा.

आता ५ आणि ६ प्रकारांकडे परत येऊ, कारण निम्मी भांडणं तिथली असतात. क्लिकव्ह्यूत एकाच किंमतीची दोन रूपं असू शकतात: हिशेबासाठी आकडा, दाखवण्यासाठी मजकूर. याला तिथे ड्युअल म्हणतात. बाहेरच्या जगात कॉलमला एकच प्रकार असतो, म्हणून तुम्हाला निवड करावी लागते. तारीख आणि रक्कम यांच्यासाठी आकडा घ्या. ग्राहक क्रमांक, पिनकोड, खाते क्रमांक अशा, बेरीज कधीच न होणाऱ्या गोष्टींसाठी मजकूर घ्या, नाहीतर ००७ चा ७ होतो. यासाठी हेडरमधल्या नंबरफॉरमॅटवर विसंबू नका. तिथे पुष्कळदा प्रकार अज्ञात असंच लिहिलेलं असतं. महिन्याचं नाव तर दोन्ही घेऊन ठेवा, क्रमवारीला आकडा लागतो आणि रिपोर्टला नाव.

इथे एक जखम अशी आहे की ती बाहेरून बरी होत नाही. स्रोतात ००७ आणि ७ असे दोन वेगळे कोड असतील आणि लोड करताना मजकूर म्हणून बांधले नसतील, तर क्लिकव्ह्यू दोन्हींना आकडा ७ समजतो आणि आधी आलेलं रूप दोघांनाही चिकटवतो. क्यूव्हीडीत तेव्हा एकच सिम्बॉल लिहिला गेला आहे. तुमचा वाचक कितीही बिनचूक असला तरी हरवलेला कोड परत येणार नाही. अशा कॉलमसाठी मूळ डेटाबेसकडेच जावं लागेल.

तारखांचं मोजमाप सोपं आहे: ३० डिसेंबर १८९९ हा दिवस शून्य. १ जानेवारी १९७० चा क्रमांक २५५६९ येतो, तो वजा केला की युनिक्सचे दिवस (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) मिळतात. शून्य दिवस असा विचित्र का? एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, ही चूक लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घेण्यासाठी जाणूनबुजून ठेवलेली. शून्य एक दिवस मागे नेला की मार्च १९०० पासून पुढचे क्रमांक एक्सेलशी जुळतात. वेळ दशांशात असते, ४५२९२.७५ म्हणजे १ जानेवारी २०२४, संध्याकाळचे सहा. दशांशाचे सेकंद करताना राउंड करा, नुसता शेपूट कापू नका. नाहीतर सात वाजताऐवजी ६ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद अशा वेळा दिसू लागतात आणि दिवसाच्या सीमेवरची नोंद आदल्या दिवसात जाते.

हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर पायथनसाठी पायक्यूव्हीडी नावाची मुक्त लायब्ररी आहे, तिच्यापासून सुरुवात करा. तरी वरची माहिती असू द्या, कारण लायब्ररीने ड्युअलमधलं कोणतं रूप उचललं हे तुम्हालाच तपासायचं आहे. वेगाचं म्हणाल तर प्रत्येक रोचा मोठा पूर्णांक करून त्यातून बिट काढणं पायथनमध्ये फार हळू पडतं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने सगळ्या रो एका बाइट-तक्त्यात घ्या, एकेका कॉलमला लागणारे बाइट उचलून अख्ख्या कॉलमवर एकदाच शिफ्ट आणि मास्क (बिट सरकवून हवे तेवढेच ठेवणं) करा. पार्के करायची असेल तर क्रमांकांच्या किंमती करत बसूच नका. ॲरो या मेमरीत कॉलम ठेवण्याच्या फॉरमॅटमध्ये डिक्शनरी प्रकार असतो, त्याची कल्पना अगदी हीच आहे: किंमतींची यादी एकीकडे, क्रमांक दुसरीकडे. सिम्बॉल टेबल आणि क्रमांक जसेच्या तसे त्यात बसतात, मेमरीही फुगत नाही.

चालू सर्व्हरवरून वाचत असाल तर अर्धवट फाइलींपासून सावध. क्यूव्हीडीत नव्या रो मागे जोडता येत नाहीत, प्रत्येक रीलोडला पूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते. नेमक्या त्या वेळी कॉपी घेतलीत तर हेडर धड आणि शेपूट गायब. रोंची संख्या गुणिले रेकॉर्डबाइटसाइज हा गुणाकार हेडरमधल्या रो-टेबलच्या लांबीइतका आला पाहिजे, आणि हेडरची लांबी अधिक रो-टेबलचा ऑफसेट अधिक त्याची लांबी ही बेरीज फाइलीच्या आकाराशी जुळली पाहिजे. वाचायच्या आधी या दोन ओळी लिहून टाका.

क्यूव्हीडीबरोबर क्यूव्हीडब्ल्यू आणि क्यूव्हीएफ फाइलीही असतीलच. त्या अख्ख्या ॲप्स आहेत, स्क्रिप्ट, डेटा आणि चार्ट एकत्र दाबून भरलेले. त्यांच्या नादी लागू नका. लायसन्स आहे तोवर त्यांच्या स्क्रिप्ट मात्र मजकूर म्हणून काढून ठेवा. कॉलमवर काय गणित झालं हे क्यूव्हीडीत नसतं, ते स्क्रिप्टमध्ये असतं. लोक डेटा वाचवतात आणि स्क्रिप्ट विसरतात.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण पुढे कोणीतरी विचारेलच. युरोपीय न्यायालयाने मे २०१२ मध्ये एसएएस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात सांगितलं की संगणक प्रोग्रामवरच्या कॉपीराइटचं संरक्षण प्रोग्रामच्या कार्याला, प्रोग्रामिंग भाषेला किंवा डेटा फाइलींच्या फॉरमॅटला मिळत नाही. तो निकाल युरोपीय संघापुरता, आणि तुम्ही सही केलेला लायसन्स करार ही वेगळी गोष्ट. करारातलं रिव्हर्स इंजिनीअरिंगचं (बाहेरून रचना उकलून काढण्याबद्दलचं) कलम वकिलाला दाखवा. फाइलीतला डेटा तुमचा आहे, हे त्या संभाषणात आधी सांगा.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट व्यवस्थापनाला आत्ताच कळवा. कोणाला कोणत्या रो दिसाव्यात हे ठरवणारा सेक्शन ॲक्सेस ॲपमध्ये असतो, क्यूव्हीडीत नसतो. ज्याला फोल्डर वाचता येतं त्याला सगळं वाचता येतं, आणि आता तर क्लिकव्ह्यूही लागत नाही. क्लिक सेन्सच्या नव्या आवृत्त्यांत क्यूव्हीडी एन्क्रिप्ट करण्याची सोय आहे. ती चालू केलेली असेल तर वरचं काहीही चालणार नाही, आधी मूळ टूलमधूनच फाइल मोकळी करून घ्यावी लागेल.

तुमच्याकडे दुसऱ्या टूलच्या फाइली असतील तर पद्धत हीच, फक्त सापळे वेगळे. एसएएस, स्टाटा आणि एसपीएसएस ही संख्याशास्त्राची टूल्स घ्या: एसएएस आणि स्टाटा १ जानेवारी १९६० पासून दिवस मोजतात, एसपीएसएस १४ ऑक्टोबर १५८२ पासून सेकंद मोजतं. नलच्या बाबतीत तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी: एसएएसमध्ये आकड्यांसाठी २८ प्रकारचे नल, स्टाटामध्ये २७. स्टाटाच्या एक-बाइट कॉलममध्ये खऱ्या किंमती १०० पर्यंतच जातात आणि १०१ पासून पुढे सगळे नल असतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वयाच्या कॉलममध्ये अचानक १०१ वर्षांची माणसं भेटतात. या तिन्हींसाठी रीडस्टॅट ही लायब्ररी वापरा, आर भाषेतलं हेवन पॅकेज तिच्यावरच उभं आहे. स्टाटाने आपला फॉरमॅट स्वतःच प्रसिद्ध केला आहे, त्यामुळे तिथे अंदाज बांधावा लागत नाही.

तुम्ही विचारलेल्या भरवशासाठी मी असं करतो. लायसन्स चालू असेपर्यंत मूळ टूलमध्येच प्रत्येक फाइलीच्या प्रत्येक कॉलमचे पाच आकडे काढून एका टेबलात ठेवायचे: रो किती, नल किती, वेगळ्या किंमती किती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत. आकड्यांचा कॉलम असेल तर बेरीजही. हे टेबल सीएसव्हीत निघालं तरी चालतं, ते लहानच असतं. नंतर बाहेरून वाचलेल्या डेटावर हेच आकडे काढून ताडायचे. वेगळ्या किंमतींची संख्या सिम्बॉल टेबलच्या संख्येहून कमी आली तर घाबरू नका, दोन वेगळे सिम्बॉल तुमच्या बाजूला एक झालेले असू शकतात. नल-संख्या मात्र एकानेही चुकली तर ती फाइल बाजूला काढा आणि उणे दोनपासून पुन्हा सुरुवात करा. लायसन्सची तारीख जवळ असेल तर फाइली राहू द्या, आज रात्री हे टेबल काढायला लावा. फाइली नंतरही वाचता येतील, ताडून पाहायला मूळ टूल मात्र नसेल.